वेबपृष्ठातील ‘आदेश’ : मुख्य घटक हाती घेणे व त्याच्या जागी दुसरा ठेवणे

१. प्रश्नाचे स्वरूप

रत्नागिरीला लागून असलेल्या मिरजोळे गावाच्या परिसराचे वर्णन कोणी लिहावयास घेतले, तर त्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द येण्याचा पुष्कळ संभव आहे. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीकडे चढत जाणारा मुलूख, अशा प्रदेशात या दोन शब्दांवाचून चालत नाही. पहिला शब्द फारसीतून आलेला. दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्यात ‘र्’चा आघात मागील अक्षरावर पडून ते गुरू होते, दुसऱ्यात मागील अक्षर लघूच राहते. हा उच्चारभेद मराठी लेखनाने दोन वेगळ्या चिन्हांनी जपला आहे, आणि ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ ही जोडी तर शालेय विद्यार्थ्यांसही परिचित आहे.

संगणकावर मात्र ‘दऱ्या’ हा एकच शब्द दोन प्रकारे साठविलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. काटेकोर तुलना करणाऱ्या यंत्रणेस ते दोन भिन्न शब्द वाटतात. साहजिकच शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या अभ्यासकाची गणना चुकते. या परिसरातील बोलीचे शब्द एका वेबपृष्ठावर नोंदवून त्यांची पडताळणी करण्याचे काम चालू असता ही अडचण प्रस्तुत लेखकास आली. उपाय सोपा वाटला : पृष्ठाचा संपूर्ण मुख्य घटक आज्ञावलीने उचलावा, त्यातील जुनी रूपे बदलावी आणि बदललेला मजकूर पुन्हा त्याच जागी ठेवावा. एका ओळीची आज्ञा. ती चालली, आणि सर्व ‘दऱ्या’ एकरूप झाल्या. परंतु निवेदकांकडून तपासून घेतलेल्या शब्दांपुढे केलेल्या खुणा नाहीशा झाल्या होत्या आणि पृष्ठावरील एकही कळ दाबली असता काही होईना. दिसावयास पृष्ठ तेच होते. वस्तुतः ते तेच राहिले नव्हते.

हे असे का होते, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञावलीने वेबपृष्ठाचा मुख्य घटक कसा हाती घ्यावा व त्याच्या जागी दुसरा कसा ठेवावा, याचे तंत्र अनेक ठिकाणी सांगितलेले असते. एका वस्तूच्या जागी दुसरी आली म्हणजे पहिलीचे काय काय दुसरीकडे जाते, हा प्रश्न मात्र तेथे क्वचितच विचारला जातो. व्याकरणाच्या अभ्यासकास तो नवा नाही. आदेश स्थानीच्या गुणांचा वारस होतो की नाही, हा आपल्या शास्त्रातील फार जुना प्रश्न आहे, आणि त्याच्या आधारे वेबपृष्ठातील गुंता बराच उलगडतो असे दिसून येईल.

(आज्ञांची नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहावयाची असतात, येथे ती उच्चारानुसार नागरीत दिली आहेत.)

२. वृक्ष आणि त्यातील मुख्य घटक

ब्राउझर पृष्ठाचा मजकूर वाचतो तेव्हा त्यापासून एक वृक्ष रचतो. वाक्याचे सन्निहित घटकांत विश्लेषण करून आपण जसा वृक्ष काढतो, तसाच हा असतो. सर्वांत वर ‘डॉक्युमेंट’ म्हणजे संपूर्ण दस्तऐवज. त्याखाली ‘एचटीएमएल’ हा एकमेव मूळ घटक. त्याचे दोन अपत्यघटक, ‘हेड’ आणि ‘बॉडी’. ‘हेड’मध्ये पृष्ठाविषयीची माहिती असते, वाचकास दिसणारे सर्व काही ‘बॉडी’मध्ये असते. ‘बॉडी’च्या पोटात, पृष्ठ नीट रचलेले असल्यास, ‘मेन’ नावाचा घटक असतो. शीर्षपट्टी, दुव्यांची यादी, तळटीप इत्यादी वगळून पृष्ठाचा जो खरा विषय, तो या घटकात ठेवावयाचा असा संकेत आहे, आणि एका पृष्ठावर दृश्य ‘मेन’ एकच असावा असा नियम आहे.

‘मुख्य घटक’ या शब्दाने म्हणून तिघांपैकी कोणाचाही बोध होऊ शकतो, आणि तिघांकडे जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. मूळ घटक ‘डॉक्युमेंट.डॉक्युमेंटएलिमेंट’ या नावाने मिळतो. देहरूप घटक ‘डॉक्युमेंट.बॉडी’ या नावाने मिळतो. ‘मेन’साठी असे राखीव नाव नाही, त्याचा शोध ‘डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर’ या आज्ञेला घटकाचे नाव देऊन घ्यावा लागतो.

तिघांच्या बाबतीत बदलाची मुभाही सारखी नाही. ‘डॉक्युमेंट.बॉडी’ या नावास नवा घटक थेट देता येतो व जुना देह जाऊन नवा त्याच्या जागी येतो. परंतु दिलेला घटक ‘बॉडी’ जातीचाच असावा लागतो (‘फ्रेमसेट’ हा जुन्या काळचा अपवाद). अन्य जातीचा घटक दिल्यास ब्राउझर श्रेणीभंगाचा दोष दाखवून थांबतो. ‘डॉक्युमेंटएलिमेंट’ हे नाव केवळ वाचण्यासाठी आहे. त्याला काही देऊन मूळ घटक बदलत नाही. तो बदलावयाचाच असेल तर ‘रिप्लेसचाइल्ड’ किंवा ‘रिप्लेसविथ’ या आज्ञांचा अवलंब करावा लागतो, आणि दस्तऐवजास एका वेळी एकच मूळ घटक असू शकतो हे बंधन तेथेही पाळावे लागते. ‘मेन’च्या जागी मात्र कोणताही घटक ठेवता येतो. सारांश, घटक जितका वरचा, तितकी त्याच्या जागी येणाऱ्यावरील बंधने अधिक.

नवशिक्यास प्रथम अडविणारी गोष्ट याहून साधी असते. आज्ञावली ‘हेड’मध्ये लिहिलेली असेल आणि ब्राउझर पृष्ठ वाचत असतानाच ती चालली, तर त्या क्षणी ‘बॉडी’ अस्तित्वातच आलेली नसते. ‘डॉक्युमेंट.बॉडी’ असे म्हटल्यास उत्तर ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असे मिळते. ज्याची निष्पत्ती झालेली नाही त्यास कार्य सांगता येत नाही. यावर उपाय तीन : आज्ञावली देहाच्या शेवटी लिहावी, किंवा तिला ‘डिफर’ हा विशेष द्यावा, किंवा वृक्षाची रचना पुरी झाल्याची वर्दी देणाऱ्या ‘डीओएमकंटेंटलोडेड’ या घटनेची वाट पाहावी.

३. आगम, लोप आणि आदेश

वृक्षावर करता येण्याजोग्या क्रिया पाहिल्या तर त्या आपल्या परिचयाच्या तीन वर्गांत बसतात. नवीन घटक जोडणे हा आगम; असलेला काढून टाकणे हा लोप; एकाच्या जागी दुसरा ठेवणे हा आदेश. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो आणि आदेश शत्रूसारखा जागा बळकावतो, असे पाठशाळांतून सांगितले जात असे. वेबपृष्ठाच्या बाबतीत या दृष्टांताचा उत्तरार्ध विशेष खरा आहे.

आदेशाचेही दोन प्रकार काळजीपूर्वक वेगळे केले पाहिजेत. ‘इनरएचटीएमएल’ या विशेषास नवा मजकूर दिला असता घटक स्वतः कायम राहतो. त्याच्या पोटातील सर्व अपत्ये मात्र जाऊन नवी येतात. ‘रिप्लेसविथ’ किंवा ‘आउटरएचटीएमएल’ यांनी घटक स्वतःच जातो. पाणिनीनेही आदेश संपूर्ण स्थानीच्या जागी होतो की त्याच्या केवळ अन्त्य वर्णाच्या जागी, हे ठरविण्यासाठी स्वतंत्र परिभाषा केल्या आहेत. आज्ञावली लिहिणाऱ्याने हाच प्रश्न स्वतःस विचारावा : माझा स्थानी कोणता? पात्र की त्यातील पदार्थ?

प्रास्ताविकात सांगितलेली चूक पहिल्या प्रकारातील होती. देह कायम होता. परंतु त्याचा आतील मजकूर एका सलग अक्षरमालिकेत उतरवून, बदलून, पुन्हा आत ओतला गेला. ओतताना ब्राउझरने प्रत्येक चौकट, प्रत्येक कळ नव्याने निर्माण केली. जुन्या चौकटीतील खूण ही तिच्या लिखित रूपात नव्हती. ती त्या विशिष्ट वस्तूची तात्कालिक अवस्था होती. ती अक्षरमालिकेत उतरली नाही, म्हणून नव्या चौकटीस मिळाली नाही.

४. स्थानिवद्भाव कोठे आहे व कोठे नाही

अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील छप्पन्नावे सूत्र असे सांगते, की आदेश हा स्थानीसारखा मानावा. केवळ मूळ वर्णांवर अवलंबून असलेली कार्ये यास अपवाद. अस् धातूच्या जागी आर्धधातुक प्रत्ययांपूर्वी भू येतो. येताक्षणी तो धातू ठरतो, आणि धातूस होणारी सर्व कार्ये त्यास होतात. मराठीतील दाखला हवा असल्यास ‘जाणे’ पाहावा. भूतकाळी ‘जा’ लोपून ‘गेला’ हे रूप येते. अक्षरसाम्य उरत नाही, तरी कर्त्याशी असलेला क्रियापदाचा संबंध यत्किंचितही ढळत नाही.

वेबपृष्ठाच्या वृक्षात असा सर्वसाधारण अतिदेश नाही. तेथे जे घडते ते असे : जे स्थानाचे असते ते आदेशास आपोआप मिळते, जे स्थानीचे स्वतःचे असते ते स्थानीबरोबर जाते. या एका वाक्यात बहुतेक सर्व अडचणींचे मूळ आहे. तीन उदाहरणांनी ते स्पष्ट करू.

पहिले उदाहरण नावाचे. आज्ञावलीत आपण ‘मेन’ घटकास एखादे नाव देऊन ठेवतो आणि पुढे त्याच्या जागी दुसरा घटक बसवितो. आता ते नाव कोणाचे? ते जुन्याचेच राहते. जुना घटक वृक्षातून निखळला तरी नाव त्याला धरून असते, आणि त्या नावाने केलेले सर्व बदल पृष्ठाबाहेर पडलेल्या त्या घटकावर होत राहतात. वाचकास काहीच दिसत नाही. दोषाची सूचनाही मिळत नाही. याउलट ‘डॉक्युमेंट.बॉडी’ हे व्यक्तीचे नाव नसून पदाचे नाव आहे; जो त्या पदावर असेल तो त्याने मिळतो. विशेषनाम आणि पदनाम यांतील हा भेद ध्यानात ठेवून, आदेशानंतर नाव पुन्हा बांधून घ्यावे.

दुसरे उदाहरण श्रोत्यांचे. ‘ही कळ दाबली गेल्यास अमुक करावे’ अशी आज्ञा एखाद्या घटकावर ठेवता येते. तिला श्रोता म्हणू. श्रोता त्या घटकाचा असतो, जागेचा नव्हे. घटक गेला की श्रोताही गेला. घटकाची ‘क्लोननोड’ने प्रतिकृती काढली तरी तिच्यात लिखित विशेष उतरतात, मागाहून जोडलेले श्रोते उतरत नाहीत. परंतु घटना वृक्षात वरवर चढत जातात, आणि श्रोता पूर्वजावर ठेवला असेल तर खालच्या वंशजांत कितीही आदेश झाले तरी तो ऐकतच राहतो. म्हणून जेथे अंतर्भाग वारंवार बदलावयाचा असेल तेथे श्रोता न बदलणाऱ्या पूर्वजावर ठेवणे हेच शहाणपणाचे.

तिसरे उदाहरण भाषेचे, आणि ते आपल्या विशेष जिव्हाळ्याचे. पृष्ठातील मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे ‘लँग’ या विशेषाने सांगितले जाते. मराठीचा संकेत ‘एमआर’ असा आहे. घटकावर हा विशेष नसेल तर तो जवळच्या पूर्वजाकडून घेतला जातो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे मूळ घटकावरील भाषासंकेत वाचकाने निवडलेल्या नियंत्रणभाषेचा असतो, तर लेखाचा मजकूर धारण करणाऱ्या आतील घटकावर त्या लेखाच्या भाषेचा संकेत स्वतंत्रपणे दिलेला असतो. नियंत्रणे इंग्रजीत ठेवणाऱ्या वाचकाने स्वतःच्या आज्ञावलीने तो आतील घटक काढून त्या जागी कोरा नवा घटक ठेवला आणि त्यात तोच मराठी मजकूर घातला, तर काय होईल? अक्षरे सर्व मराठीच राहतील. परंतु घटकाचा स्वतःचा भाषासंकेत नाहीसा झाल्यामुळे तो पूर्वजाचा, म्हणजे इंग्रजीचा, संकेत घेईल. मोठ्याने वाचून दाखविणारी यंत्रणा इंग्रजी आवाज योजू शकेल. ज्या टंकांत मराठीसाठी ‘ल’ व ‘श’ यांची वेगळी वळणे ठेवलेली असतात, त्यांत ही अक्षरे मराठी वळण सोडून सर्वसामान्य नागरी वळणाची दिसू लागतील. भाषेनुसार मजकूर वेचणारा अभ्यासक तो उतारा मराठीत धरणार नाही. एकही अक्षर न बदलता उताऱ्याची भाषा बदलली, असे हे नवल आहे.

आता सूत्रातील अपवादाकडे वळू. मूळ वर्णांवर अवलंबून असलेले कार्य आदेशास लागू होऊ नये, असे पाणिनीने म्हटले आहे. संग्रहित मजकुरावर टिपणे करताना पुष्कळदा ती मजकुराबाहेर, ‘इतक्याव्या संकेतापासून इतक्याव्या संकेतापर्यंत’ अशा मोजमापाने ठेवलेली असतात. मजकुरातील संकेतांची संख्या बदलली की ही सर्व मोजमापे सरकतात. येथे स्थानिवद्भाव आपण होऊन जपावयास गेलो तरी तो चूक ठरतो. मोजमापे नव्याने करावी लागतात. टिपणांची मालकी टिकवावी, त्यांचे अंक मात्र टिकवू नयेत.

५. मराठी मजकुरातील प्रत्यक्ष कार्य

ज्या दोन रूपांमुळे हा विचार सुरू झाला ती आता नेमकेपणाने पाहू. यूनिकोडच्या नागरी विभागात ‘र’ (यू+०९३०) आणि ‘ऱ’ (यू+०९३१) ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. ‘ऱ’पुढे हलन्तचिन्ह व त्यापुढे ‘य’ लिहिल्यास ‘ऱ्य’ मिळते; ही प्रमाण रीत. परंतु यूनिकोडच्या २.० या आवृत्तीतील (१९९६) रीतीशी मेळ राहावा म्हणून दुसरी रीतही मान्य आहे : साधा ‘र’, हलन्तचिन्ह, आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक (यू+२००डी). पहिल्या रीतीने ‘दऱ्या’ या शब्दास पाच संकेत लागतात. दुसऱ्या रीतीने सहा. यूनिकोडने सांगितलेली समानरूपीकरणाची प्रक्रिया मजकुरावर चालविली तरी ही दोन रूपे एक होत नाहीत.

अशीच दुसरी जोडी ‘ॲ’ची. हे अक्षर (यू+०९७२) यूनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमालेत ते समाविष्ट केले. तत्पूर्वी लिहिणाऱ्यास ‘अ’ (यू+०९०५) आणि त्यावर चंद्राचे चिन्ह (यू+०९४५) असे दोन संकेत जोडावे लागत. त्यामुळे जुन्या व नव्या पृष्ठांत हा स्वर भिन्न रीतींनी नोंदलेला सापडतो, आणि येथेही समानरूपीकरणाची प्रक्रिया उपयोगी पडत नाही. वर्णक्रमाने शब्दसूची लावणाऱ्यास याचा उपद्रव विशेष होतो.

आता कार्याचा क्रम सांगतो. प्रथम वृक्ष पुरा होऊ द्यावा. मग ‘क्वेरीसिलेक्टर’ने मुख्य घटक शोधावा व तो खरोखर मिळाला आहे, ‘नल’ नाही, याची खात्री करावी. त्याची एक प्रतिकृती काढून बाजूस ठेवावी. जुने रूप हा लेखकाच्या कळफलकाचा व काळाचा पुरावा असतो, आणि भाषाभ्यासकाने पुरावा पुसून टाकू नये. यापुढील पायरी महत्त्वाची : मुख्य घटक बदलावयाचा नाही. तो धरून त्याखालील केवळ शब्दमय पाने, म्हणजे ज्या नोडांत नुसता मजकूर असतो ते, एकेक गाठावयाचे. ‘डॉक्युमेंट.क्रिएटट्रीवॉकर’ ही आज्ञा असा फेरफटका घडवून आणते. फेरफटक्यात ‘स्क्रिप्ट’, ‘स्टाइल’ आणि वाचकाने टंकलिखित केलेला मजकूर धारण करणारे घटक वगळावेत. प्रत्येक मजकूर-नोडच्या ‘नोडव्हॅल्यू’मध्ये जुन्या संकेतमालिकेच्या जागी नवी ठेवावी, आणि तीही बदल होत असेल तेव्हाच.

अशा रीतीने केलेल्या आदेशात पात्रे सर्व जुनीच राहतात. चौकटींतील खुणा टिकतात, श्रोते टिकतात, भाषासंकेत टिकतो. बदलतो तो केवळ वर्ण. दोन मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. शब्दाचा काही भाग ठळक केला असल्यास तो दोन नोडांत विभागला जातो, आणि फुटीच्या जागी पडलेली संकेतमालिका या रीतीने सापडत नाही. अशी स्थळे हातांनी पाहावी लागतात. पृष्ठात मागाहून मजकूर भरला जात असल्यास ‘म्यूटेशनऑब्झर्व्हर’ हा पहारेकरी बसवून तेच कार्य पुन्हा करावे लागते. आपण केलेल्या बदलाचीही वर्दी त्या पहारेकऱ्यास मिळते. परंतु नव्या रूपात जुने रूप शिल्लक नसल्याने दुसऱ्या खेपेस बदलण्यासारखे काही उरत नाही, आणि अनवस्थेचा प्रसंग येत नाही.

संपूर्ण घटक बदलणे सर्वथा निषिद्ध आहे असा याचा अर्थ नव्हे. संपादनाचा नमुना त्याच पृष्ठावर दाखवावयाचा असतो तेव्हा मजकुराचा सगळा विभागच नवा येतो. विकिपीडियाच्या मूळ प्रणालीत अशा वेळी ‘मजकूर नवा आला आहे’ अशी घोषणा करण्याची सोय आहे, आणि ती ऐकून इतर आज्ञावल्या आपापली कामे नव्या मजकुरावर पुन्हा जोडतात. म्हणजे निसर्गतः नसलेला स्थानिवद्भाव तेथे व्यवस्थेने निर्माण केला आहे. ज्यांना अशी सोय उपलब्ध नाही त्यांनी जुन्या घटकाचे विशेष नव्यावर उतरवावे, श्रोते पुन्हा ठेवावेत, नाव पुन्हा बांधावे, आणि कळफलकाने वाचन करणाऱ्याचे लक्ष्यस्थान जुन्या घटकात असेल तर ते नव्यात योग्य जागी आणून ठेवावे. हे शेवटचे न केल्यास दृष्टिहीन वाचक पृष्ठाच्या मध्यावरून अकस्मात आरंभी फेकला जातो.

६. निष्कर्ष

व्याकरणात आदेश केल्यावर स्थानीचे गुण त्याच्याकडे येतात, कारण सूत्रकाराने तसे सांगून ठेवले आहे. वेबपृष्ठात ते येत नाहीत, कारण तेथे तसे कोणी सांगितलेले नाही. प्रत्येक वेळी ते आज्ञावली लिहिणाऱ्याने सांगावयाचे असते. म्हणून मुख्य घटकास हात घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. बदल पात्रात हवा की पदार्थात? जे जपावयाचे आहे ते जागेचे की जागेवर असलेल्याचे? आणि जे मोजून ठेवले आहे ते बदलानंतर पुन्हा मोजले आहे काय?

आमच्या नोंदपृष्ठावरील पुसल्या गेलेल्या खुणा पुन्हा करावयाच्या तर मिरजोळे परिसरातील त्याच निवेदकांकडे परत जाणे भाग होते, व तसे जावे लागले. बहुतेकांनी पूर्वीचीच उत्तरे दिली; काहींनी एखाद-दुसऱ्या शब्दाचा उच्चार या वेळी वेगळा केला. पहिल्या खेपेची साक्ष कायमची गेली ती गेलीच. मजकूर अक्षरशः तोच ठेवूनही पृष्ठ नष्ट करता येते, हे त्या प्रसंगाने शिकविले. ज्या अभ्यासकांची सामग्री आता कागदाऐवजी अशा पृष्ठांवर साठत आहे त्यांनी ते दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.